हातचं राखून सांगणारा काटा

परवा टाकी फुल केली तेव्हा 36.2 लिटर पेट्रोल बसलं. टाकी 45 लिटरची. म्हणजे मी पंपावर पोहोचले तेव्हा पावणेनऊ लिटर पेट्रोल टाकीत होतंच, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मात्र मागचे 32 किलोमीटर अखंड पेटलेला होता. शेजारच्या पडद्यावर आकडा होता 28. अजून 28 किलोमीटर, मग संपलं, असं गाडीचं म्हणणं. माझी गाडी लिटरला पंधराच्या आसपास देते. पावणेनऊ लिटरमध्ये ती 130 किलोमीटर जाईल. मधले शंभर किलोमीटर गाडीला ठाऊक होते, मला सांगितलेले नव्हते.

एकदाच झालं असतं तर हे लिहायला बसले नसते. पण गेलं दीड वर्ष गाडीच्या खणात मी एक छोटी वही ठेवली आहे. दिवा लागल्यावरच टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं, आणि किती लिटर बसलं, दिवा लागून किती अंतर झालं, ते लिहून ठेवायचं. आतापर्यंत चौदा नोंदी झाल्या. उलटा हिशेब मांडला की दर वेळी तेच निघतं: दिवा लागतो त्या क्षणी टाकीत साधारण अकरा लिटर असतात. टाकीचा जवळजवळ चौथा हिस्सा. नोझल बंद पडल्यावर वर वाफेसाठी जागा राहते, छापील 45 आणि खरे 45 यांत लिटरभराचा फरक पडू शकतो, तळाचं थोडं पेट्रोल पंपाला ओढताही येत नाही. हे सगळं वजा केलं तरी पुष्कळ उरतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, हातचं राखून सांगणं. ते खोटं बोलणं नव्हे. सांगणारा वाईट हेतूनं सांगतो असंही नाही, उलट तुमच्या भल्यासाठीच तो थोडं मागे ठेवतो. तरीही मला त्या दिव्याचा त्रास होतो, आणि तो का होतो हे नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधीच्या गाडीचा काटा एकदा अर्ध्यावर अडकला होता. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, काटा आपला मध्येच. मेकॅनिकनं मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं, आणि टाकीतून ओढून काढलेली ती वस्तू माझ्यासमोर धरली. आगपेटीएवढा हलका प्लास्टिकचा फ्लोट, वाकवलेल्या तारेचा लांब हात, आणि त्या हाताच्या मुळाशी नखाएवढी पट्टी, तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली जातो, तार फिरते, तिच्या टोकाचा बारीक धातू त्या रेघांवरून घासत सरकतो आणि विजेच्या वाटेतला विरोध बदलतो. काटा वाचतो तो हा विरोध. लिटर तो कधी पाहतच नाही. मी ती वस्तू हातात घेऊन बराच वेळ खालीवर करत बसले. इतक्या वर्षांचा माझा सगळा भरवसा एका तरंगत्या तुकड्यावर होता, हे मला आवडलं. बिचारा दिवसरात्र पेट्रोलात राहून, प्रत्येक खड्ड्याबरोबर हिंदकळत, जमेल तितकं खरं सांगत होता. रेघा झिजल्या होत्या एवढंच.

त्या रेघा नुसत्या झिजतात असंही नाही. त्या रेघांत आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या टोकात पुष्कळदा चांदी वापरलेली असते, आणि चांदीला गंधक सोसत नाही, हे घरात चांदीची वाटी असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. 2004 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांत गंधकाचं प्रमाण बिघडलेलं पेट्रोल विकलं गेलं, आणि अनेक गाड्यांचे इंधनकाटे त्या काळवंडलेल्या चांदीपायी वेडेवाकडे आकडे दाखवू लागले. इंजिनं नीट चालत होती, काटे तेवढे खोटं सांगत होते.

फ्लोट खरा बोलला तरी त्याचं बोलणं समजून घ्यायला कष्ट पडतात. गाडीची टाकी डब्यासारखी चौकोनी नसते. सीट, एक्झॉस्टचा पाइप, मागचा अ‍ॅक्सल यांतून जी जागा उरेल तिच्यात ती बसवलेली असते. मधून शाफ्ट जात असेल तर ती खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरते आणि दोन कप्प्यांत दोन फ्लोट लागतात. त्यामुळे वरच्या दोन बोटं उंचीत जितकं पेट्रोल मावतं तितकं खालच्या दोन बोटांत मावेलच असं नाही. टाकी काठोकाठ भरली की फ्लोट छताला टेकतो, आणि पहिले काही लिटर जळेपर्यंत तिथून हलतच नाही. काटा किती तरी वेळ फुलवरच उभा राहतो, मग एकदम घाईनं उतरायला लागतो, असं आपल्याला वाटतं त्याचं एक कारण हे. त्यात वळणावर पेट्रोल एका अंगाला जातं, चढावर मागे जातं, ब्रेक मारला की पुढे. जुन्या काट्यांत तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी असायची. ती मुळातच संथ, म्हणून काटा थरथरत नसे. आता गाडीतला संगणक फ्लोटचं बोलणं काही काळ ऐकून घेतो, त्याची सरासरी काढतो, आणि मगच काटा हलवतो.

इथवर माझी काही तक्रार नाही. सरासरी काढणं हे शहाणपण आहे. फ्लोट आणि काटा यांच्यामध्ये बसलेला तो संगणक आणखी एक काम करतो, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. उरलेल्या पेट्रोलातलं काही तो हिशेबातच धरत नाही. कुणी तरी कधी तरी ठरवलेलं असतं की शून्य कुठे म्हणायचं, आणि ते शून्य खऱ्या शून्याच्या बरंच वर असतं.

का ठरवलं असेल, त्याची कारणं मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. चढावर उभी असताना टाकीतला पंप उघडा पडू नये. पंप त्याच्यातून वाहणाऱ्या इंधनावरच थंड राहतो, कोरडा फिरला तर जळतो. पेट्रोल तुटक तुटक मिळू लागलं की सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. डिझेलच्या गाडीत नळ्यांत हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. फ्लोटमध्ये थोडी चूक असणार, टाक्या सगळ्या अगदी एकसारख्या नसणार. आणि गाडी कुणाच्या हाती पडेल, पुढचा पंप किती लांब असेल, हे बनवणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही थोडं राखलं असतं.

पण किती राखलं, हे मी सांगितलं असतं.

बाबांच्या मोटारसायकलला इंधनाचा काटा नव्हता. टाकीखाली डाव्या बाजूला एक कॉक होता, त्याच्या तीन जागा: बंद, चालू, रिझर्व्ह. चालता चालता इंजिन खोकलं, गाडीनं आचके दिले, की बाबा रस्त्यावरची नजर न काढता डावा हात खाली नेऊन कॉक फिरवायचे. दोन क्षण काहीच व्हायचं नाही, मग गाडी परत तोंड वर करून धावायची. 'रिझर्व्हला लागली,' एवढंच म्हणायचे. मागे बसलेल्या मला त्या दोन क्षणांची भीती वाटायची आणि त्या दोन शब्दांचा आधार.

आत काय होतं ते पुढे कळलं. कॉकला टाकीत दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. नेहमीचं पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी त्या नळीच्या टोकाखाली गेली की पुरवठा थांबतो, मग कॉक फिरवून तळाचं तोंड उघडायचं. म्हणजे राखीव साठा हा कुणाचा अंदाज नव्हता, ती नळीची उंची होती. ती बदलत नसे. बाबांना त्यांच्या रिझर्व्हचे किलोमीटर पाठ होते आणि त्या आकड्यानं त्यांना कधी फसवलं नाही. त्या कॉकची एक अटही होती: टाकी भरल्यावर आठवणीनं तो परत 'चालू'वर आणायचा, नाहीतर पुढच्या वेळी गाडी काही न सांगता थांबते. पंपावरून निघताना बाबांचा हात आपोआप तिकडे जायचा. फोक्सवॅगनच्या बीटलमध्येही 1961 पर्यंत असाच कॉक असायचा, काटा नंतर आला. त्याच्याही आधीच्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पुढच्या सीटखाली टाकी होती, तिच्यात पट्टी बुडवून ओला भाग बघायचा. मला या जुन्या गोष्टींचं उगाच कौतुक नाही. भर रहदारीत आचके देणारं इंजिन कुणाला हवं? तरी पट्टीवरचा ओला भाग जितका असतो तितकाच असतो, हे मी विसरू शकत नाही.

गाडीत दिवा आला तोही पहिल्यांदा असाच सरळ होता. टाकीत ठरावीक उंचीवर एक छोटा थर्मिस्टर. पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत तो थंड, उघडा पडला की स्वतःच्याच विजेनं तापतो, त्याचा विरोध उतरतो आणि दिवा लागतो. काट्याचं आणि त्या दिव्याचं काही नातं नसायचं, एक चुकला तर दुसरा होता. आता बहुतेक गाड्यांत दिवाही त्याच संगणकाच्या त्याच आकड्यावर लागतो. दोन साक्षीदार होते, त्यांचा एक झाला.

आणि उरलेलं अंतर दाखवणारा तो आकडा! मागच्या काही किलोमीटरमध्ये गाडीनं लिटरला किती अंतर दिलं त्याची सरासरी, गुणिले उरलेलं पेट्रोल. घाट चढताना तो झरझर उतरतो, पलीकडे उतार लागला की चढायला लागतो, वीस किलोमीटर पुढे गेल्यावर पहिल्यापेक्षा जास्त अंतर शिल्लक दिसतं. ते मी समजू शकते, त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. समजू शकत नाही ते वेगळंच: कित्येक गाड्यांत पेट्रोल खरोखर कमी झालं की तो आकडा निघूनच जातो आणि त्या जागी आडव्या रेघा येतात. टाकी भरलेली असताना ज्या आकड्याकडे मी बघतही नाही तो दिवसभर समोर असतो, आणि ज्या दहा मिनिटांत त्याच्यावाचून अडतं तेव्हाच तो नसतो.

माझं हे म्हणणं कुणाला फार ताणलेलं वाटेल. दिवा लवकर लागला तर बिघडलं काय, भरून टाकावं, असं मला घरातही ऐकावं लागलं आहे. बिघडतं काय ते मी एका संध्याकाळी पाहिलं.

आईला डोळे तपासायला नेलं होतं. माझी गाडी कामाला टाकलेली, म्हणून दादाची जुनी डिझेल गाडी घेतली होती. परत निघायला उशीर झाला. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले, बुबुळं मोठी झालेली, समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्यानं ती डोळे मिटून घेत होती. शहर मागे पडलं आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, अजून शंभर तरी जाईल. विचारही करावा लागला नाही. माझ्या गाडीनं मला तसं शिकवलं होतं, वेळोवेळी वहीत लिहून घेऊन शिकवलं होतं. पंप पाच किलोमीटरवर होता, तो मी सोडला. त्या बाजूनं वळून जायला आईला त्रास होईल असं वाटलं. पुढे लागेलच की.

एकतिसाव्या किलोमीटरला गाडी बंद पडली. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं तेव्हा काय होतं हे ज्यांनी अनुभवलं नसेल त्यांना सांगते. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ब्रेकमधला व्हॅक्यूम दोनतीनदा दाबेपर्यंत पुरतो, मग पायाखाली लाकूड लागल्यासारखं वाटतं. मागून ट्रक येत होते. मी दोन्ही हातांनी चाक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. आईनं विचारलं, "अगं, काय झालं?" तिला काही दिसत नव्हतं, आणि मला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

दादा डिझेलचा कॅन घेऊन यायला दीड तास लागला. डिझेल ओतलं, गाडी सुरू होईना. त्यानं बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढली, तेव्हा कुठे इंजिन धरलं. निघताना तो म्हणाला, "या गाडीत दिवा लागला की पंचवीस किलोमीटर. फार तर तीस. तुला सांगायला हवं होतं मी."

त्याच्या डोक्यात त्याचा आकडा होता, माझ्या डोक्यात माझा. दिवे दोन्ही गाड्यांत तेच, पिवळे, पंपाच्या चित्राचे. एकाचा अर्थ होता दीडशे किलोमीटर, दुसऱ्याचा तीस. चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण पंप सोडून जायचं ते धाडस माझ्यात आलं कुठून, हे मला चांगलं ठाऊक आहे. लवकर लागणारा दिवा माणसाला दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतो, आणि ती सवय गाडी बदलली तरी आपल्याबरोबर येते.

त्यानंतरच्या दिवसांत मी अपोलो 11 बद्दल, माणसाला पहिल्यांदा चंद्रावर उतरवणाऱ्या मोहिमेबद्दल, पुन्हा वाचलं. 20 जुलै 1969 ला त्यांचं यान चंद्रावर उतरत होतं, आर्मस्ट्राँग खडकांवरून पुढे सपाट जागा शोधत होते, आणि इंधन कमी असल्याचा दिवा लागला. त्या दिव्याबरोबर पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात घड्याळ सुरू झालं. तिथून चार्ली ड्यूक वर यानाला कळवत होते, साठ सेकंद, मग तीस सेकंद. साठ म्हणजे आता उतरा किंवा परत फिरा हे ठरवायला साठ सेकंद. यान उतरलं. नंतर हिशेब केला तेव्हा टाकीत सुमारे 45 सेकंदांचं इंधन निघालं, त्या वेळी समजत होते त्यापेक्षा जास्त. टाकीतलं इंधन हिंदकळलं होतं, त्यामुळे सेन्सर वेळेआधी उघडा पडला होता. आपल्या घाटातल्या वळणावर होतं तेच.

मला त्यातल्या दोन गोष्टींनी धरून ठेवलं. एक, तो दिवा लागला म्हणजे किती उरलं हे तिथल्या प्रत्येकाला सेकंदांत माहीत होतं. दुसरी, दिवा लवकर लागला तर बरंच झालं, असं कुणी म्हटलं नाही. लवकर लागणं हाही बिघाडच मानला गेला, आणि पुढच्या यानांच्या टाक्यांत हिंदकळणं अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या गेल्या.

विमानांत ही शिस्त अजून आहे. मोठ्या प्रवासी विमानांच्या इंधनकाट्याबद्दल अमेरिकेचा नियम असा की सरळ उड्डाणात वापरता येण्याजोगं इंधन संपेल तेव्हाच काट्यानं शून्य दाखवावं. राखीव साठा वेगळा धरायचाच, जेट विमानाला शेवटचा राखीव 30 मिनिटांचा, पण तो वैमानिकाला माहीत असलेला, कागदावर मांडलेला. त्याला हात लागणार असं दिसलं की वैमानिकानं 'मेडे फ्युएल' अशी संकटाची हाक मोठ्यानं द्यायची. राखलेलं आहे, भरपूर राखलेलं आहे, फक्त लपवलेलं नाही.

डॅशबोर्डवर एक खूण मात्र मला मनापासून आवडते, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंपाच्या चित्राशेजारचा छोटा त्रिकोणी बाण. टाकीचं झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन यांनी 1986 साली ही कल्पना लिहून दिली. ऑफिसची दुसरीच गाडी घेऊन ते पावसात पंपावर गेले होते आणि चुकीच्या बाजूला उभे राहिले होते. परक्या गाडीत बसलेल्या माणसाला काय माहीत नसतं, याचा विचार त्या बाणात आहे. दादाच्या गाडीतही तो बाण होता आणि अचूक होता.

गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मी वही घेऊन गेले. दिवा थोडा खाली सरकवता येईल का, निदान शून्य म्हणजे किती ते कुठे लिहिलेलं मिळेल का, असं विचारलं. वही त्यांनी शांतपणे पाहिली, चांगली ठेवली आहे म्हणाले. गाडीत काही दोष नाही, ते सुरक्षिततेसाठी असतं, असं उत्तर मिळालं. तिथून बाहेर पडताना मी ठरवलं की आपल्यापुरतं आपणच सांगून टाकावं. घरी येऊन पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं, 'दिवा = 11 लिटर', आणि काट्याच्या काचेखाली लावली. दादाच्या गाडीत तो नको म्हणत असताना दुसरी लावली, 'दिवा = 25 किमी, लगेच भरा'. त्यानंतर ती गाडी त्याच्या मुलीनं शिकायला घेतली. पहिल्याच दिवशी तिनं ती पट्टी वाचली आणि मला फोन करून विचारलं, "आत्या, सगळ्या गाड्यांत वेगळं असतं का गं हे?"

गेल्या महिन्यात आईला पुन्हा तपासणीला नेलं, या वेळी माझ्या गाडीतून. येताना तसाच अंधार, तसेच थेंब. अर्ध्या वाटेत दिवा लागला. आईला आकडे दिसत नव्हते, पण तो पिवळा उजेड तिला दिसला असावा, कारण ती सरळ होऊन बसली.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"अकरा लिटर. पंप सात किलोमीटरवर आहे, तिथे भरते."

"अकरा," ती म्हणाली, आणि डोक्यावरून पदर पुढे ओढून तिनं डोळे मिटले.